वरच्या रांगेतल्या नळ्या

मी जिथे कामाला जाते तिथे समुद्राच्या तळाचा गाळ येतो. नळ्यांतून येतो. नळी पारदर्शक, माझ्या हाताएवढी लांब, मनगटाहून जाड, दोन्ही टोकांना रबराची बुचं. खाली गाळ आणि वर त्याच समुद्राचं थोडं पाणी. जहाजावरून दोराने एक यंत्र खाली सोडतात, ते तळात या नळ्या रोवतं आणि भरून वर आणतं. पहिल्या दिवशी मला वाटलं, एवढा खटाटोप करून आणायचं काय, तर चिखल.

हे काम मला ताईंनी मिळवून दिलं. ताई पुण्याच्या, याच संस्थेत संशोधन करतात आणि इथे जपानात, फुनाबोरीला, आमच्या मागच्या गल्लीत राहतात. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान असतील, पण एवढं शिकलेल्या माणसाला अगंतुगं करायला माझी जीभ वळत नाही. त्या मला वहिनी म्हणतात. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत आमच्या ह्यांनी मोदक केले होते. हे कोतोमध्ये एका कॅन्टीनमध्ये स्वयंपाकी आहेत. मी कोपऱ्यात ताटं पुसत उभी होते तर ताई जवळ आल्या.

"वहिनी, दिवसभर घरी काय करता?"

"काही नाही."

"आमच्याकडे अर्ध्या दिवसाला बाई हवी आहे. धुणं, पुसणं. पण सगळं चिखलाचं काम आहे हां. चालेल?"

मी काही बोलायच्या आत हेच म्हणाले, "अहो, ती चिखलातच वाढलीय. तिला ऑफिसात बसवलंत तर आजारी पडेल."

सगळे हसले. मीही हसले. खोटं नव्हतं ते. माझं माहेर खाडीच्या काठचं. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत, पाचवीला खाडी ओलांडून जावं लागे, ते माझ्या नशिबात नव्हतं. मग ओहोटी लागली की आईबरोबर चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला जायचं. कुठला चिखल घोट्यापर्यंत घेतो आणि कुठला मांडीपर्यंत, हे पाय टाकायच्या आधी कळायला लागतं. वडील होडी हाकायचे. काठी तळाला टेकली की न बघता म्हणायचे, इथे रेती, इथे गाळ, इथे खडप. हाताला जे लागायचं त्यावरून सांगायचे.

कामाच्या पहिल्या दिवशी ताईंनी सगळं फिरून दाखवलं. एक थंड खोली होती, मोठ्या फ्रिजच्या पोटात शिरल्यासारखी. तिथे नळ्या उभ्या ठेवायच्या दोन रांगा. एक कमरेच्या उंचीवर, एक जमिनीलगत.

"आडव्या करायच्या नाहीत," ताई म्हणाल्या. "बूच काढायचं नाही. बाहेरून पुसायच्या आणि उभ्या ठेवायच्या. बस."

"आणि मग काय करतात याचं?"

"मग त्या चिखलाची जात ठरवायची."

"चिखलाला पण जात आहे का?" माझ्या तोंडून निघून गेलं. "तिथेही सुटका नाही म्हणायची."

ताई एवढ्या हसल्या की शेजारच्या टेबलावरच्या दोन-तीन माना वळल्या. मी ओशाळले. पण त्या दिवसापासून ताई मला समजावून सांगायला लागल्या. जेवायच्या सुट्टीत, डबा खाता खाता. गाळ चाळायचा. त्यांच्याकडे एकाखाली एक अशा चाळण्या आहेत, सगळ्यात खालची इतकी बारीक की मैद्याची चाळणी तिच्यापुढे रोवळी वाटावी. ती धुताना पाणीसुद्धा थांबून थांबून उतरतं. कुठल्या चाळणीवर किती राहिलं यावरून रेती किती, गाळ किती, त्याहून बारीक चिकणमाती किती ते कळतं. मग ओला तोलायचा, सुकवायचा, पुन्हा तोलायचा, म्हणजे पोटात पाणी किती होतं ते समजतं. आणि सगळ्यात शेवटी आवाज.

म्हणजे खरं तर सगळ्यात आधी आवाज. नळी भरलेली असतानाच ती एका रुळावर ठेवतात. दोन बाजूंनी दोन गोल चकत्या येऊन तिला चिकटतात. एक चकती आवाज करते, दुसरी ऐकते. आपल्या कानाला तो ऐकू येत नाही. मधल्या गाळातून आवाज किती वेगाने गेला, त्याची रेघ पडद्यावर उमटत जाते.

"चिखल पाण्याने फुगलेला असेल तर आवाज रेंगाळतो," ताई म्हणाल्या. "रेती दाटून बसली असेल तर पळतो. जहाजावरून तळाकडे आवाज सोडला की परत येणाऱ्या आवाजावरून आम्ही सांगतो, खाली काय आहे. पण ते बरोबर आहे का, हे तपासायला हातात खरा चिखल लागतो. म्हणून ह्या नळ्या."

"माझे वडील काठीने सांगायचे."

ताई घास तसाच धरून थांबल्या. "कसं?"

मला सांगता येईना. "काठी सांगायची," मी म्हटलं.

प्रयोगशाळेत एक मुलगी होती. जपानी, डॉक्टरेट करणारी, सव्वीस-सत्तावीसची. बारीक, केस कानापर्यंत, सतत मोज्यांवर चिखल. मला जपानी पाच-पन्नास शब्दांपलीकडे येत नाही, तिला मराठी शून्य, पण आमचं जमलं. ती मला ओकासान, म्हणजे आई, म्हणायची. इकडे दुसऱ्याच्या आईलाही तसंच म्हणतात. मी तिला लाडू दिला तर तिने तो दोन्ही हातांनी घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा कागदात गुंडाळून खिशात ठेवला. चिखल हातात घेऊन बोटांनी चोळायची, एकदा तर कण जिभेवर घेऊन दाताखाली घासला. कचकच लागलं तर गाळ, लोण्यासारखं गेलं तर चिकणमाती. मी डोळे मोठे केले. तिने माझ्यापुढे बोट केलं. मीही घेतलं. कचकचलं. आम्ही दोघी हसत बेसिनवर थुंकलो.

त्या शरद ऋतूत तिच्या नळ्या आल्या. चोवीस. बारा पहिल्या दिवशी काढलेल्या. मग वादळ आलं, जहाज बंदरात परत गेलं, आणि वादळ ओसरल्यावर त्याच ठिकाणी जाऊन दुसऱ्या बारा. त्या शुक्रवारी ट्रकने आल्या. तिनेच त्या रांगेला लावल्या. वादळाआधीच्या वर, नंतरच्या खाली. सोमवारी त्या आवाजाच्या यंत्रावर चढायच्या होत्या.

शनिवारी मी एकटी आले होते. नळ्या बाहेरून पुसायच्या होत्या. वरच्या रांगेतली पहिली नळी उचलली तर आत गाळाला बाजूने पोकळ्या दिसल्या, काचेला चिकटून छोटे बुडबुडे. ट्रकमध्ये हलली असणार. गाळ सैल बसला होता. मला ते बरं दिसेना.

माझी आई भात मापून द्यायची तेव्हा पायली नुसती भरायची नाही. भरायची, जमिनीवर दोन-तीनदा ठोकायची, खाली बसला की आणखी घालायची आणि वर शीग लावायची. सुकट घेऊन येणारी बाई भात घेऊन जायची, तिच्यासाठी तर जास्तच. ती नको नको म्हणायची आणि आई म्हणायची, "न ठोकता माप दिलं तर देवाला काय तोंड दाखवू?" पिठाचा डबा असो की मसाल्याची बरणी, आमच्या घरात न ठोकता काही भरलं जात नाही. माझ्या हाताला ती सवय आहे. आणि माझ्या डोक्यात असं की ही मुलगी गाळ तोलणार, मापणार. सैल माप मिळालं तर तिची फसगत होईल.

ढकलगाडीवर टॉवेलची चौपदरी घडी घातली. त्यावर नळी उभी धरून हळूहळू ठोकली. दहा-बारा वेळा. पोकळ्या गेल्या, बुडबुडे वर गेले. गाळ बोटभर खाली बसला आणि वरचं पाणी तेवढं वाढलं. छान दिसायला लागली. पुसली, ठेवली. मग दुसरी. अशा बाराच्या बारा.

खालच्या रांगेला वाकायला गेले तर उजवा गुडघा ओरडला. त्या आठवड्यात तो सुजला होता. जमिनीवरून ती जड नळी उचलून गाडीवर घेणं जमेना. म्हटलं, ह्या जागच्या जागी पुसू, ठोकायचं राहू दे. खाली बसून सरकत सरकत बारा नळ्या पुसल्या आणि घरी गेले.

पुढच्या दोन आठवड्यांत ती मुलगी बदलली. चालताना पाय जमिनीला लागत नव्हते म्हणा ना. यंत्रापाशी उभी राहून एकटीच मान डोलवायची. सेन्सेई, म्हणजे त्या सगळ्यांचे सर, साठीचे, कमी बोलणारे, तेसुद्धा तिच्या पडद्यापाशी येऊन बराच वेळ उभे राहिलेले मी पाहिले.

मग एके दिवशी संध्याकाळी ताईंना जहाजावर जायचं होतं, तीन आठवड्यांसाठी. दुपारी जेवताना त्या खुशीत होत्या.

"वहिनी, आपल्या पोरीला लॉटरी लागलीय."

"काय झालं?"

त्यांनी कागदी रुमालांच्या डब्यावर पेनाने दोन रेघा काढल्या. "ही वरची रांग. वादळाआधीची. ही खालची. नंतरची. प्रत्येकीतला चमचाभर गाळ चाळून बघितला तर दोन्हींत कण अगदी सारखे. एकच जात. पण आवाज? वरच्या सगळ्या नळ्यांतून भराभर गेला. खालच्या सगळ्यांतून रेंगाळला. एकही अपवाद नाही! म्हणजे वादळाने तळ ढवळून सैल केला. असं इतकं स्वच्छ कधी दिसत नाही हो. परिषदेत मांडणार आहे ती, पंधरा दिवसांनी. यावरच तिची डॉक्टरेट उभी राहील."

माझ्या हातात पोळीचा तुकडा होता. तो मी भाजीत बुडवला आणि बुडवूनच ठेवला.

वरच्या सगळ्या आणि खालची एकही नाही. ते वादळ नव्हतं. तो माझा गुडघा होता.

मी ताईंना तेव्हाच सांगायला हवं होतं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ती मुलगी बसली होती, आमच्याकडे बघून हसत होती, आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे तिला कळलं होतं. आणखी चौघं बसली होती. मला चारचौघांत "मीठ द्या" म्हणायचंही जड जातं. ताई डबा आवरून, "येते हां, गुडघ्याला शेक देत जा," म्हणून निघूनही गेल्या. जहाजावर फोन लागत नाही.

घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं. हे कांदा चिरत होते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ह्यांना कांदा चिरल्याशिवाय करमत नाही.

"ठोकल्यास म्हणजे? फुटल्या?"

"फुटल्या नाहीत. दाबून बसवल्या."

"मग चांगलंच केलंस की."

मी सगळं समजावलं. ताईंनी मला समजावलं होतं तसं. हे सुरी ठेवून ऐकत राहिले. मग म्हणाले, "कुणी बघितलं?"

"कुणी नाही."

"मग तू पण बघितलं नाहीस. गप्प बस. ताईंनी आपल्या शब्दावर तुला लावलंय. तुझी नोकरी जाईल ते सोड, त्यांना काय वाटेल? आणि ती पोरगी खूश आहे ना? राहू दे खूश."

"खोट्यावर खूश आहे."

"जगात निम्मी माणसं खोट्यावरच खूश आहेत. तुझ्या भावाला वाटतं, तो गातो."

मला हसू आलं आणि त्याच्याच मागे रडू. ह्यांनी पुन्हा सुरी घेतली. मग, माझ्याकडे न बघता, "किती वर्षं शिकतेय ती?"

"ताई म्हणाल्या, हे चौथं."

"आणि परिषदेत कुणी हुशार माणसाने विचारलं, बाई, असं कसं झालं, तर?"

मी कांद्याची सालं गोळा करायला लागले.

"मागच्या वर्षी माझी आमटी खारट झाली होती," हे म्हणाले. "दोनशे पोरांची. मी म्हटलं, पोरांना काय कळतंय. पण मग ओतून दिली सगळी. मॅनेजर माझ्यावर असा ओरडला..." ह्यांनी चिरलेला कांदा ताटात लोटला. "तू बघ बाई. तुझा चिखल आहे."

दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा तासभर आधी गेले. ती मुलगी आलेलीच होती, पडद्यापुढे बसून परिषदेची चित्रं रंगवत होती. वरच्या रांगेसाठी लाल, खालच्यासाठी निळा. मला बघून म्हणाली, "ओहायो, ओकासान." मी फोन काढला. भाषांतराच्या खिडकीत रात्रीच लिहून ठेवलं होतं. "तुमच्या वरच्या रांगेतल्या नळ्या मी आपटल्या. यंत्रावर घालायच्या आधी. मला माफ करा." ते जपानीत करून तिच्यापुढे धरलं.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. माझ्याकडे बघितलं. शब्द कळले होते. पण कुणी असं का करेल, हे तिला कळत नव्हतं. ती हसली, गोंधळून हसतात तशी, आणि हात हलवला, काही हरकत नाही अशा अर्थी. तिला वाटलं असावं की पुसताना एखादी नळी कुठे लागली.

मग मी दाखवायचं ठरवलं. टाकून द्यायच्या गाळाची बादली होती, तिच्यातला गाळ एका रिकाम्या नळीत भरला, वर पाणी घातलं, बूच लावलं. खूण करून तिला ती नळी यंत्रावर घालायला लावली. पडद्यावर रेघ उमटली. मग नळी काढून घेतली, टॉवेलची चौपदरी घडी घातली आणि ठोकायला लागले. एक, दोन, तीन. ठोकणं नेमकं त्या शनिवारसारखंच होत होतं. दहा. बारा. गाळ खाली बसला, पाणी वर आलं. मी नळी तिच्या हातात दिली.

ती यंत्रावर ठेवताना तिला अंदाज आला होता. तिची बोटं सावकाश चालत होती. रेघ उमटली. पहिल्या रेघेच्या खूप वर.

मी तिला थंड खोलीत नेलं. वरच्या रांगेतल्या एकेका नळीला हात लावून हवेत ठोकल्याची खूण केली. बाराही. मग खालच्या रांगेकडे बोट दाखवून हात हलवला, ह्या नाही. आणि गुडघ्यावर हात ठेवला.

"उए दाके?" ती म्हणाली. फक्त वरच्या?

मी होकाराची मान हलवली.

"झेंबु?" सगळ्या?

"हाय," म्हणजे हो, मी म्हटलं, आणि जेवढं वाकता येईल तेवढी वाकले.

मी वर बघितलं तेव्हा ती वरच्या रांगेकडे बघत उभी होती. रडत नव्हती. तोंडातून थंडीची वाफ येत होती. मग ती बाहेर गेली. जाता जाता पडद्यावरची लाल-निळी चित्रं तिने बंदसुद्धा केली नाहीत.

मी चाळण्या धुवायला बसले. दुसरं काय करणार? त्याच त्याच चाळण्या तीनदा धुतल्या असतील.

तासाभराने सेन्सेई आले. मागे ती. डोळे लाल, पण वही-पेन हातात. त्यांनी टॉवेलची घडी बघितली, बोटाने दाबून बघितली. मग बादलीतल्या गाळाची एक नळी स्वतः भरून माझ्यापुढे ठेवली आणि ठोकायची खूण केली. मी ठोकली. त्यांनी बोटं दाखवून विचारलं, किती वेळा? मी दहा दाखवली, मग दोन. ते मुलीला काहीतरी म्हणाले, तिने लिहून घेतलं. मग दुसरी नळी. तिसरी. अख्खी दुपार मी नळ्या ठोकत होते आणि ती यंत्रावर घालत होती. माझा हात किती फरक पाडतो, ते त्यांना मोजायचं होतं. तेवढा फरक वजा करून वरची रांग वाचवता येईल का, हे सेन्सेई बघत होते, हे मला नंतर कळलं.

वाचली नाही. माझा हात काही यंत्र नव्हता. एका नळीत जास्त बसायचा गाळ, एकीत कमी. संध्याकाळी सेन्सेईंनी वरच्या बारा नळ्यांच्या चिठ्ठ्यांवर एकेक करून आडवी रेघ मारली. खालच्या बारा चांगल्या होत्या, पण एकट्या त्यांचा काय उपयोग? आधीचं माप असेल तर नंतरच्याला अर्थ. वादळ परत येऊन त्याच जागी आधी-नंतर दाखवणार नव्हतं.

परिषदेतून तिचं नाव काढून घेतलं. डॉक्टरेट निदान सहा महिने पुढे गेली. हे मला कॅलेंडरवर बोट ठेवून सेन्सेईंनीच दाखवलं. रागाने नाही. मला माहीत असायला हवं, असं त्यांना वाटलं असावं. कामावरून मला कुणी काढलं नाही. कुणी काढलं असतं तर जरा बरं वाटलं असतं.

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. गुडमॉर्निंगला मान हलवायची, बस. मी लाडू नेले होते, तसेच परत आणले. ह्यांनी डबा उघडून बघितला. "नाही घेतले?"

"दिलेच नाहीत."

"बरं केलंस. राग आलेल्या माणसाला गोड देऊ नये, त्याला राग गिळावा लागतो." आणि स्वतः दोन खाल्ले.

चौथ्या दिवशी मी ओटा पुसत होते तर ती समोर येऊन उभी राहिली. फोन पुढे केला. मराठीत लिहिलेलं होतं. "तुम्ही का आपटल्या? मला राग आला आहे. पण मला जाणून घ्यायचे आहे."

मी बसले आणि लिहिलं. फोनमध्ये एवढं मी कधी लिहिलं नव्हतं. आईची पायली, ठोकणं, सुकट घेऊन येणारी बाई, शीग, सैल माप म्हणजे फसवणूक. मला वाटलं तुम्हाला कमी मिळेल, असंही लिहिलं. त्याचं जपानी काय झालं देव जाणे. तिने वाचलं. वाचता वाचता ओठ दाबले. वर जाऊन पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मग तिने हवेत एक चौकोनी माप काढलं. तांदळाचं. तिच्या आजीच्या घरचं असावं, "ओबाआचान" एवढं मला कळलं. मापात तांदूळ ओतले, खोटे खोटे, आणि वरून हाताची कड फिरवून सपाट केले. ठोकलं नाही. वर जे उरलं ते खाली पाडलं. त्यांच्याकडे तसं करतात. पुन्हा एकदा हात फिरवून दाखवला. माझ्याकडे बघितलं, आणि ठोकायची माझी खूण केली, जरा जास्तच जोरात. मला हसावं की नाही कळेना. तीही हसली नाही. पण संध्याकाळी निघताना "ओत्सुकारेसामा, ओकासान" म्हणाली. दमला असाल, असं.

ताई जहाजावरून आल्या तेव्हा त्यांना सगळं कळलेलं होतं. थेट माझ्याकडे आल्या.

"वहिनी, मला त्याच दिवशी का नाही बोललात? तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?"

"कळलं होतं."

"मग?"

"सगळे बसले होते."

ताईंनी डोक्याला हात लावला. "अहो, मराठीत बोलायचं होतं! तिथे कुणाला कळणार होतं?"

हे मला सुचलंच नव्हतं. खरंच सांगते, सुचलं नव्हतं. ताई थोडा वेळ रागावलेल्या होत्या, आणि त्यांनी राग लपवला नाही, हे मला आवडलं. मग म्हणाल्या, "आडव्या करू नका, बूच काढू नका, एवढंच सांगितलं मी. आपटू नका म्हणून कुणाला सांगावं लागेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी काय कधी पीठ भरलंय?" दुसऱ्या दिवशी थंड खोलीच्या दारावर एक कागद लागला. त्या मुलीनेच काढलेलं चित्र. एक नळी, एक टॉवेल, वरून मोठी लाल फुली. खाली जपानीत, इंग्रजीत आणि ताईंच्या अक्षरात मराठीत. नवीन येणारा प्रत्येक जण थांबून ते मराठी बघतो.

वसंत ऋतूत ती पुन्हा जहाजावर गेली. वादळ काही तिच्या हातात नव्हतं, म्हणून आता ती दुसरंच काही बघते आहे, किनाऱ्यापासून दूर जात जात गाळ कसा बदलतो ते. ताई म्हणाल्या, साधं काम आहे, बरेच जण करतात, पण होईल पुरं. ते साधं म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

नळ्या आल्या त्या दिवशी मी मागच्या दारी उभी होते. ट्रक लागला. खरं म्हणजे ट्रकमधून उतरवून घ्यायचं काम माझं नाही, ते विद्यार्थी करतात. मी फरशी पुसायला थांबले होते. ती ट्रकमध्ये चढली, पट्टे सोडले, पहिली नळी उचलली. आजूबाजूला दोघं हात पुढे करून उभे होते. तिने इकडे तिकडे बघितलं आणि मला हाक मारली.

मी पोछा भिंतीला टेकवला. हात ओले होते, ते पोटाशी पुसले. ती वाकली आणि नळी माझ्या दोन्ही हातांत उभी दिली. गार होती. आत गाळ सैल होता, कडेने पोकळ्या होत्या, बुडबुडे होते. माझ्या नजरेत काय आलं ते तिने बघितलं असावं, कारण तिने आपला हात लगेच काढला नाही. एक क्षणभर आम्ही दोघींनी ती धरली होती.

मग तिने हात काढला आणि पुढची नळी घ्यायला वळली.

मी दारातून आत निघाले. पाय अलगद टाकत, पाणी हलणार नाही अशी.